अबोला आणि टपाल



आपल्या नांदेड-लातूरकडं अबोला धरायला फार मोठं कारण लागत नाही. धुरा हातभर इकडचा तिकडं सरकला, सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी चुकली, लग्नात मानाचा टॉवेल-टोपी द्यायचा राहून गेला, की झालं. सख्खे भाऊ दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारावरून खाली मान घालून जातात. मनातून दोघांनाही बोलावंसं वाटत असतं; पण पहिला शब्द कोणी टाकायचा? आज अशाच अबोल्याच्या दोन गोष्टी सांगतो. माणसं मात्र इतिहासातली, थोर.

पहिल्या गोष्टीतले एक गृहस्थ लातूरला अनोळखी नाहीत. लोकमान्य टिळक. पुण्यात ज्या शिक्षणसंस्थेसाठी खपले, ती त्यांनी १८९० साली सोडली. पोटापाण्याची सोय हवी, म्हणून कायद्याचे वर्ग चालवले आणि त्याच सुमारास लातूरला भागीदारीत कापसाचं जिनिंग काढलं. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. त्याच संस्थेत त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेले एक प्राध्यापक होते, गोपाळ कृष्ण गोखले. दोघांचं तिथंच बिनसलं. पुढं सार्वजनिक सभेवरून, मग काँग्रेसवरून. एक जहाल, एक मवाळ. १९०७ साली सुरतेच्या अधिवेशनात तर व्यासपीठावर जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस दुभंगली. दुसऱ्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले तेव्हा वय सत्तावन्न; पत्नी दोन वर्षांपूर्वीच वारलेली. गोखले अवघे अठ्ठेचाळीसचे, पण दुखण्यानं पोखरलेले. आता तरी समेट व्हावा असं पुष्कळांना वाटू लागलं.

तो झाला का, ते सांगतो. पण त्याआधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ. कारण तिथं शंभर वर्षांआधी अगदी असाच पेच पडला होता.

जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोघे इंग्रजांचं राज्य झुगारताना खांद्याला खांदा लावून उभे होते. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेफरसनांनी लिहिला, तर ॲडम्सनी तो सभेत लढवला. पुढं पक्ष निराळे झाले. १८०० च्या निवडणुकीत जेफरसननी ॲडम्सना हरवलं. चिखलफेक इतकी झाली होती की, नव्या अध्यक्षाच्या शपथविधीला न थांबता ॲडम्स पहाटेच गाडीत बसून गावाकडं निघून गेले. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं अबोला.

दोघेही शेतीवाले, बरं का. जेफरसननी माती उलटवणाऱ्या नांगराच्या फळीचा आकार गणितानं ठरवला होता. ॲडम्सना खताचा भारी नाद. वकील म्हणून लंडनमध्ये असताना रस्त्याकडेचा एक उकिरडा त्यांनी निरखून पाहिला आणि रोजनिशीत टिपून ठेवलं, की खत बरं आहे, पण आमच्याकडच्याइतकं नाही!

या दोघांना बोलतं केलं ते बेंजामिन रश नावाच्या एका डॉक्टरनं. तो दोघांचाही जुना मित्र. १८०९ मध्ये त्यानं ॲडम्सना लिहिलं, की मला स्वप्न पडलं. तुम्ही दोघांनी पुन्हा पत्रं लिहायला सुरुवात केली असं त्यात दिसलं. स्वप्न खरोखर पडलं होतं का, ते डॉक्टरलाच ठाऊक. मग १८११ मध्ये जेफरसनच्या मुलखातले दोन तरुण ॲडम्सकडं गेले. बोलता बोलता म्हातारा म्हणाला, की जेफरसनवर माझा जीव पहिल्यापासून आहे आणि आजही आहे. ते शब्द जेफरसनच्या कानावर गेले. त्यांनी रशला कळवलं, की मला एवढं पुरे. आपल्याकडं इकडचं वाईट तिकडं पोचवणारे गल्लोगल्ली भेटतात. इकडचं बरं तिकडं पोचवणारा एखादाच.

शेवटी १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सनी पत्र टाकलं. त्यात होतं, की सोबत घरच्या सुताचे दोन नग पाठवतो आहे. पत्र आधी पोचलं, पुडकं मागं राहिलं. जेफरसनना वाटलं खरंच कापड येतंय. त्यांनी चरखे, माग, मेंढरं, घरोघरी विणलं जाणारं कापड यांवर ऐसपैस उत्तर लिहून पाठवलं. मग पुडकं आलं, तर आत ॲडम्सच्या मुलाच्या व्याख्यानांचे दोन ग्रंथ! म्हाताऱ्यानं थट्टा केली होती. पण त्या थट्टेनंच गाठ सुटली.

मग चौदा वर्षं पत्रं चालली. दोघांची मिळून दीडशेच्या वर. ॲडम्सची जेफरसनच्या दुपटीहून जास्त. पण कोण किती लिहितो याचा हिशोब त्यांनी धरला नाही. एका पत्रात त्यांनी म्हटलं, की एकमेकांना आपली बाजू समजावून सांगितल्याशिवाय आपण दोघांनी मरू नये. जुन्या भांडणाच्या खपल्याही निघाल्या, पण टपाल थांबलं नाही. १८१८ मध्ये ॲडम्सची पत्नी ॲबिगेल गेली, तेव्हा जेफरसननी मोजक्या ओळींत धीर दिला. त्यांची स्वतःची बायको तरुणपणीच गेली होती. पुढं ॲडम्सचा हात थरथरू लागला, तेव्हा ते घरातल्यांकडून लिहवून घेत. जेफरसनचं मनगट पूर्वी मोडलेलं, तेही दुखे.

एका गोष्टीला मात्र त्यांनी फारसा हात घातला नाही. जेफरसनच्या शेतात गुलाम राबत होते; जन्मभरात सहाशेंवर माणसं त्यांच्या मालकीची होती. ॲडम्सनी गुलाम कधी ठेवला नाही. तरी गुलामगिरीचा विषय पत्रांत निघाला तो क्वचितच. मैत्री टिकावी म्हणून माणूस काय काय गिळतो, ते यात दिसतं, आणि मला ते बरं वाटत नाही.

४ जुलै १८२६. जाहीरनाम्याला पन्नास वर्षं पुरी झाली, त्याच दिवशी दुपारी जेफरसन आणि संध्याकाळी ॲडम्स वारले.

आता पुण्याला परत येऊ. १९१४ च्या अखेरीस ॲनी बेझंटबाई आणि मद्रासकडचे सुब्बाराव मध्यस्थी करायला पुण्यात आले. टिळकांच्या मंडळींना काँग्रेसमध्ये परत घ्यायचं, अशी बोलणी झाली. गोखले आधी अनुकूल होते. मग सुब्बारावांनी टिळकांच्या बोलण्याचा जो मतलब सांगितला, त्यानं त्यांच्या मनात शंका आली. तेव्हा त्यांनी पत्र लिहिलं. लिहिलं टिळकांविषयी, पण पाठवलं अधिवेशनाचे अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना, खासगी म्हणून. अशी खासगी पत्रं कुठं झाकून राहतात? टिळक सरकारवर बहिष्कार घालायला निघालेत, असा बोभाटा झाला. मी तसं बोललोच नाही, असं टिळकांचं म्हणणं. त्यांनी खुलासा मागितला. दोघांत पत्रं गेली-आली, पण ती तक्रारीची. प्रकरण ‘केसरी’त आलं, आणि टिळकांची लेखणी काय होती ते सांगायला नको. राहत होते दोघं एकाच शहरात. ॲडम्स आणि जेफरसन यांच्यात शेकडो मैलांचं अंतर होतं.

ही धग निवायच्या आतच, १९ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री गोखले वारले. टिळक सिंहगडावर होते. निरोप मिळताच ते खाली उतरले आणि स्मशानात आले. त्यांना बोलायला सांगितलं. गर्दीतून टाळ्या उठल्या, तेव्हा त्यांनी हटकलं, की ही वेळ टाळ्यांची नव्हे, डोळ्यांतून पाणी काढायची आहे. मग चितेकडं पाहून त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं, महाराष्ट्राचं रत्न म्हटलं. सगळं पुणं ऐकत होतं, आणि ज्याला ऐकवायचं तो समोर लाकडांवर होता.