धावणाऱ्याचा घसारा

अमेरिकेत शरद ऋतू सुरू झाला की सोमवारची सकाळ फुटबॉलची असते. बहुतेक सामने आदल्या दिवशी, रविवारी झालेले असतात आणि लोकल गाडीच्या फलाटावर, कचेरीतल्या कॉफीच्या यंत्रापाशी, केशकर्तनालयात त्यांचे शवविच्छेदन चालू असते. क्वार्टरबॅकला शिव्या घालून झाल्या की गाडी हमखास एका प्रश्नावर येते. आपला रनिंग बॅक पूर्वीसारखा पळत नाही. त्याला ठेवावा, की गिऱ्हाईक आहे तोवर देऊन टाकावा?

हा फुटबॉल म्हणजे कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळतात तो नव्हे. चेंडू लंबगोल, तो बहुतांशी हातात धरायचा आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. (यार्ड म्हणजे आपला वारच, नऊवारी लुगड्यातला.) रनिंग बॅक हा चेंडू पोटाशी कवटाळून समोरच्या घोळक्यात घुसणारा गडी. कबड्डीत चढाई करणारा डोळ्यांपुढे आणावा. फरक एवढाच की याला अडवणारे शंभर-सव्वाशे किलोचे असतात आणि ते नुसते पकडत नाहीत, आदळतात. एका सामन्यात वीस-वीस वेळा. दर धावेमागे चार यार्ड मिळाले तर ठीक, पाच मिळाले तर उत्तम. ही सरासरी तिथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते.

आणि 'ट्रेड' म्हणजे खेळाडू त्याच्या करारासकट दुसऱ्या संघाकडे सुपूर्द करणे. करारात तसे खास कलम नसेल तर त्याची संमती विचारण्याचे कारण नसते. मोबदल्यात दुसरे खेळाडू मिळतात किंवा पुढच्या 'ड्राफ्ट'मधली पाळी. ड्राफ्टमध्ये कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू सर्व संघ पाळीपाळीने निवडतात. ही पाळी म्हणजे चक्क हुंडी! आज हातात काही नाही, पुढच्या वर्षी वटेल ते खरे. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हा खेळ समजला तो या हुंड्यांमुळे; मैदानावरचे नियम नंतर कळले.

या व्यवहारांतला सर्वांत गाजलेला १९८९ सालचा. डलास काउबॉइज संघ लागोपाठ पाच सामने हरला होता. त्यांच्याजवळ किमतीची वस्तू एकच, रनिंग बॅक हर्शेल वॉकर. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी ऑक्टोबरमध्ये तो मिनेसोटा व्हायकिंग्जला दिला. बदल्यात पाच खेळाडू आले, आणि ते ठेवले नाहीत तर ड्राफ्टच्या पाळ्या मिळतील अशी कलमे. लोक त्या पाच खेळाडूंची नावे पाहून हसले. जॉन्सन यांचा डोळा कलमांवर होता. वॉकरने मिनेसोटाच्या पहिल्याच सामन्यात १४८ यार्ड काढले आणि तिकडे दिवाळी झाली. पण त्या संघाकडून एकाही हंगामात तो हजार यार्डांना पोचला नाही. इकडे डलासने त्या पाळ्या फिरवून-फिरवून संघ उभा केला. १९९०च्या ड्राफ्टमध्ये त्यांतलीच एक खर्ची घालून थोडे वर सरकून त्यांनी एमिट स्मिथ घेतला. हा स्मिथ पुढे १८,३५५ यार्ड धावून विक्रमवीर झाला आणि डलासने १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांची अजिंक्यपदे जिंकली.

तेव्हापासून प्रत्येक शौकिनाच्या अंगात थोडा जिमी जॉन्सन संचारलेला असतो.

२०२३च्या शरदात मी न्यू जर्सीत मुलीकडे होतो. न्यूयॉर्क जायंट्स नावाने न्यूयॉर्कचे, पण त्यांचे मैदान न्यू जर्सीत, तेव्हा गल्लीत सगळीकडे त्यांचे निळे झेंडे. संघाची दशा वाईट होती. अदलाबदलीची मुदत ३१ ऑक्टोबरला संपत होती आणि तोवर आठ सामन्यांत विजय दोनच. चर्चा एकाच माणसाची, सॅक्वॉन बार्कलीची. २०१८च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला, पहिल्याच वर्षी १,३०७ यार्ड धावलेला, २०२०मध्ये गुडघा निकामी होऊनही २०२२मध्ये १,३१२ यार्डांनिशी परतलेला. शेजारचे गृहस्थ एका गोदामात हिशेबनीस. त्यांचे म्हणणे, याला आता सव्विसावे सरत आले, सरासरी चारच्या खाली आली, पुढल्या वर्षी फुकट जाईल त्यापेक्षा आज दुसऱ्या फेरीची पाळी घ्या. आदल्याच वर्षी कॅरोलायनाने ख्रिश्चन मॅकॅफ्री सॅन फ्रान्सिस्कोला देऊन दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या पाळ्या घेतल्या होत्या, तो दाखला त्यांच्या जिभेवर तयार. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा २६ क्रमांकाचा बार्कलीचा सदरा घालून ऐकत उभा असायचा. जावईबापू मुलाच्या बाजूचे.

गंमत अशी की गृहस्थांचा हिशेब आकड्यांत चुकत नव्हता. चूक खात्यात होती. त्या हंगामात जायंट्सची पुढची फळी, म्हणजे रनिंग बॅकसाठी वाट मोकळी करणारे पाच दांडगे गडी, इतकी कच्ची होती की त्यांच्या क्वार्टरबॅकना प्रतिपक्षाने वर्षभरात ८५ वेळा चेंडूसकट आडवे केले. वाटच नाही तर पळणारा पळणार कुठून? पण सरासरी लिहिली जाते धावणाऱ्याच्या नावावर. दुष्काळी तालुक्यातल्या शाखेत व्यवस्थापक म्हणून बसलेल्या कोणालाही हे सांगायला नको. पाऊस पडला नाही हे वसुलीच्या तक्त्यात दाखवायला रकाना नसतो. मुख्य कचेरीत नाव वाचले जाते ते व्यवस्थापकाचे.

त्यातही रनिंग बॅकचे दुखणे निराळे. पहिला करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीतला असेल तर संघाच्या मर्जीने पाचवे, आणि पगार ड्राफ्टच्या क्रमांकावरून ठरलेला. पाय सर्वांत ताजे असतात ती वर्षे या बांधल्या दरात जातात. मग घासाघीस करण्याची वेळ येते तेव्हा संघ म्हणतो, तू फार वापरला गेलास. आमच्याकडे वर्षे झाली की वेतनवाढ लागत असे. इथे केलेल्या कामाचा घसारा कामगाराच्या अंगावर टाकतात. बार्कलीला दीर्घ करार न देता २०२३ साली एका वर्षासाठी, सुमारे एक कोटी डॉलरवर अडकवून ठेवले होते. ही रक्कम ऐकून आपले डोळे पांढरे होतात हे खरे, आणि त्याची कीव करावी असे मी म्हणतही नाही. परंतु त्या जुलैत देशभरच्या नामांकित रनिंग बॅकनी व्हिडिओ-बैठक घेऊन आपल्या घसरत्या भावाची चर्चा केली, तेव्हा मला आमच्या गेटसभा आठवल्या. कोट्यधीशांची असली तरी सभा ती सभाच. निष्पन्न काही झाले नाही, हेही साम्यच म्हणायचे.

मला नवल वाटे ते शेजाऱ्यांचे. गोदामात त्यांच्या जागी कमी पगाराचा तरुण आणायचे घाटत होते. त्याबद्दल ते दारातच थांबून तळतळून बोलायचे, आणि त्याच श्वासात बार्कलीला विकायला काढायचे. फुटबॉलची गोष्ट निघाली की टेबलाच्या पलीकडे, मालकाच्या खुर्चीत बसल्याखेरीज त्यांना बोलताच येत नसे. आपल्याकडेही आयपीएलच्या लिलावाच्या दिवशी घरोघरी हेच होते. पस्तिशीच्या गोलंदाजावर एवढे कोटी का घालवले म्हणून संतापणारे काका स्वतः सेवानिवृत्तीचे वय साठ करा म्हणून मोर्चात गेलेले असतात.

जायंट्सनी बार्कलीला त्या ऑक्टोबरात दिले नाही. हंगाम संपल्यावर करारही केला नाही. मार्च २०२४मध्ये तो शेजारच्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरवर. ईगल्सची पुढची फळी भक्कम. तोच माणूस, तेच 'वापरलेले' पाय, आणि त्या हंगामात २,००५ यार्ड! एरिक डिकरसनचा १९८४चा २,१०५ यार्डांचा विक्रम हाताशी असताना शेवटच्या सामन्यात त्याला विश्रांती दिली गेली. ९ फेब्रुवारी २०२५ला, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सनी सुपर बोल जिंकला. जायंट्सनी त्या हंगामात सतरापैकी तीन सामने जिंकले. मुलगी फोनवर म्हणाली, शेजारच्या पोराने हट्टाने नवा सदरा घेतला आहे. क्रमांक २६च, रंग हिरवा. आणि बाप त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही.

मार्च २०२५मध्ये ईगल्सनी त्याचा करार वाढवून वर्षाला सरासरी दोन कोटी डॉलरच्या वर नेला. रनिंग बॅकला इतका भाव तोवर कोणी दिला नव्हता. मग २०२५चा हंगाम आला. फळीतले दोघे-तिघे दुखापतींनी खिळखिळे झाले, बार्कलीची सरासरी कोसळली, आणि फिलाडेल्फियाच्या फलाटांवर कागद-पेन्सिली निघाल्या. आदल्या हंगामात बाद फेऱ्या धरून ४३६ वेळा चेंडू घेऊन धावला, एवढा ताण कोणाचे शरीर सोसते? वय किती? अजून कोणी घेईल का?