‘ही मुलं अशीच असतात’ हे आम्हाला मान्य नाही

आम्ही डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे आईबाप, आजीआजोबा आणि भावंडं. आमच्यासोबत काही थेरपिस्ट आणि शिक्षक आहेत. आज आम्ही जी चळवळ सुरू करत आहोत, ती एका वाक्याविरुद्ध आहे. बाळ दूध ओढताना दमतं, घामाघूम होतं. डॉक्टरांना सांगितलं की उत्तर येतं, ही मुलं अशीच असतात. वर्षाचं झालं तरी बसत नाही, दिवसभर पेंगतं. अशीच असतात. चार वर्षांचं होऊनही बोलत नाही. अशीच. दवाखान्यात, अंगणवाडीत, शाळेच्या दारात आणि स्वतःच्या घरातसुद्धा हे ऐकून आम्ही गप्प बसलो. यापुढे बसणार नाही, कारण या वाक्याआड बरे होणारे आजार दडून राहतात आणि मुलं दगावतात.

२१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत, एवढंच डाउन सिंड्रोमचं कारण. पॅरिसच्या संशोधकांनी ते १९५९ मध्ये दाखवून दिलं. साधारण ८०० ते १००० जन्मांमागे एका बाळात ही प्रत असते. बहुतेक वेळा ती स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होतानाच योगायोगानं आलेली असते. आईनं ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, जिना चढली, यातल्या कशाचाही या जादा प्रतीशी संबंध नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं आहे; पण बाळंतपणं तरुण वयातच जास्त होतात, त्यामुळे अशी बहुतेक बाळं तरुण आयांच्याच कुशीत येतात. जिथे बाळंतिणीला दोष दिला जातो, त्या घरी जाऊन सासूसासऱ्यांसमोर बसून हे सांगणं, हे आमचं पहिलं काम.

अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षांचं होतं. आज ते साठीच्या घरात आहे. मधल्या काळात गुणसूत्र बदललं नाही. हृदयाच्या शस्त्रक्रिया वेळेवर होऊ लागल्या, आणि मुलांना संस्थांमध्ये टाकून देण्याऐवजी घरात वाढवणं सुरू झालं.

म्हणून आमची पहिली मागणी हृदयाची आहे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो. काहींच्या हृदयाच्या मधल्या पडद्यातच मोठं भोक असतं. अशा बाळाच्या फुप्फुसांवरचा रक्तदाब वाढत जातो, आणि तो कायमचा वाढून बसला की शस्त्रक्रियेची वाट बंद होते. मोठ्या भोकाची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच व्हायला हवी असते. स्टेथोस्कोपनं काही ऐकू आलं नाही म्हणून हृदय ठीक आहे असं मानता येत नाही. डाउन सिंड्रोमची शंका आली त्याच आठवड्यात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला पाहिजे, मग बाळ मुंबईत जन्मलेलं असो की धडगावात. ‘थोडं मोठं होऊ द्या, वजन वाढू द्या’ असं कुणी म्हणालं, तर हृदयरोगतज्ज्ञाचं मत कागदावर मागा. हृदयदोषामुळे दूध पिताना दम लागणाऱ्या बाळाचं वजन हृदय दुरुस्त झाल्याशिवाय सहसा नीट वाढत नसतं.

दुसरी मागणी थायरॉइडची. थायरॉइड कमी पडलं की मूल सुस्त होतं, बद्धकोष्ठ होतं, कातडी कोरडी पडते, वाढ खुंटते. हे सगळं सिंड्रोमच्या खात्यावर टाकणं फार सोपं असतं, म्हणूनच तपासणी राहून जाते. जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दरवर्षी रक्त तपासा. रोज सकाळी उपाशीपोटी एक स्वस्त गोळी, इतकाच तो उपचार. त्या गोळीअभावी मुलाची बुद्धी मागे राहावी, याचा आम्हाला मनस्वी राग आहे आणि तो आम्ही लपवणार नाही.

कानांचंही तेच. कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे चिकट पाणी साठतं. ऐकू न येणारं मूल बोलेल कसं? स्पीच थेरपीच्या आधी कान तपासायला हवेत, आणि लहानपणी दर सहा महिन्यांनी. मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर पाहायचा. घोरणारं, बसून किंवा मान मागे टाकून झोपणारं मूल गाढ झोपलंय असं समजू नका; त्याचा श्वास अडत असेल. आणि चालणारं मूल अचानक अडखळू लागलं, लघवीवरचा ताबा गेला, तर मानेचे मणके तातडीनं दाखवा.

विकासाचं काम पहिल्या महिन्यापासून घरीच सुरू होतं. स्नायू ढिले असले तरी आईचं दूध पाजता येतं. धीर धरावा लागतो, बाळाची हनुवटी कशी आधारायची हे शिकवणारं माणूस लागतं. मान धरणं, बसणं, पहिलं पाऊल, सगळं होतं, उशिरा होतं. बोलण्याआधी हातांच्या खुणा शिकवा. त्यानं बोलणं मागे पडत नाही, उलट मूल चिडायचं थांबतं.

सरकारकडे आम्ही नवं काही मागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. तपासायच्या आजारांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचार मिळायचे, असं कागदावर ठरलेलं आहे. तिथे फिजिओथेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्टची पदं भरलेली आहेत का, हे आम्ही प्रत्येक जिल्ह्यात जाऊन विचारू आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे शाळेनं तोंडी सांगून चालणार नाही.

आमच्याआधी लोकांनी याहून अवघड काळात काम केलं आहे. मुंबईत १९४४ साली वकील आडनावाच्या दांपत्यानं डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी सुरू केलेल्या कामातून आजची जय वकील संस्था उभी राहिली. तेव्हा ना कायदा होता, ना इको मशीन.

डॉक्टरांना एक विनंती. निदान सांगताना आईबाप दोघांना एकत्र बसवा, बाळ मांडीवर असू द्या, त्याच्या नावानं बोला. ‘दुसरं मूल होऊ द्या’ हा सल्ला त्या दिवशी देऊ नका.

चळवळीला वर्गणी नाही, अर्ज नाही. तपासण्यांची एक मराठी वही आम्ही करत आहोत; ती प्रत्येक प्रसूतिगृहात आणि आशाताईंच्या पिशवीत पोहोचवायची आहे. ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय, त्यांनी बाळाचं डिस्चार्ज कार्ड घेऊन आमच्याकडे यावं. इको झालेला नसेल तर आमच्यातलं कुणीतरी त्याच दिवशी तुमच्यासोबत सिव्हिलला येईल, रांगेत उभं राहील आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत थांबेल.