वुजूचे पाणी नालीत का जावे?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. मोहल्ल्यात नळाच्या पाण्यावरून भांडणे होतात. त्याच मोहल्ल्यात वुजूचे पाणी रोज नालीत जाते. त्यात ना साबण असतो, ना सोडा. माझे म्हणणे एवढेच आहे, की हे पाणी अंगणातल्या डब्या-बादल्यांतल्या भाजीला द्यावे.

यात शरीअतची अडचण नाही. हनफी मतानुसार वुजूला वापरलेले पाणी पाक असते, फक्त त्याने पुन्हा वुजू होत नाही. पैगंबर (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू करत. आपण नळ सोडून बसतो. लावलेल्या रोपाचे माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, ही हदीस आम्ही शिक्षक वर्गात नेहमी सांगतो. पण रोप लावायला जागा कुठे आहे?

गडचिरोलीच्या खेड्यात घरामागे वाडी असते. पावसाळ्यात रानातून तरोटा येतो, वास्ते येतात. चंद्रपूरच्या परकोटाच्या आतल्या गल्ल्यांत मात्र अंगणालाही फरशी. तिथे डबेच कामाचे. तेलाचा पिपा, जुनी बादली, फुटका माठ काहीही चालते. फक्त कीटकनाशकाचा डबा नको. बुडाला भोके पाडा, वर खापरीचे तुकडे टाका. मग माती, कुजलेले शेणखत आणि थोडा भाताचा तूस मिसळून भरा. आपला भाग धानाचा आहे, तूस राईस मिलमध्ये मिळतोच.

सुरुवात पावसाळा सरल्यावर करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सांबार, पालक, मेथी, टमाटर, वांगी चांगली येतात. उन्हाळ्यात मिरची, भेंडी, गवार ठेवा, वर हिरवी जाळी बांधा आणि पिप्याला ओले पोते गुंडाळा, नाहीतर पत्रा तापून मुळे भाजतात. पानांवर कोळशाची धूळ बसते, म्हणून भाजी नीट धुऊन घ्या.

आता हिशेब पाहा. घरात पाच जण, प्रत्येकाचा घरी तीनदा वुजू आणि दर वेळी 2 लिटर पाणी धरले तरी दिवसाला 30 लिटर होते. एवढ्यात दहा-बारा मोठे डबे ऐन उन्हाळ्यातही जगतात.

डब्यातल्या भाजीने घर चालते का? नाही. पण जेवणात हिरवे पान रोज येते. ज्या घरात भाजी म्हणजे आलू, त्या घरातल्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही. आणि हे काम अम्मीच्या आणि सुनेच्या गळ्यात नको. ज्याने वुजू केला, त्यानेच आपले पाणी डब्याला घालावे, मग तो घरातला कर्ता पुरुष का असेना.

मशिदीच्या कमिट्यांनाही विनंती आहे. वुजूखान्याचा पाइप वेगळा काढा. तिथे बरेच जण चुळा भरतात, म्हणून ते पाणी कच्च्या खायच्या पालेभाजीला नको. कडुनिंब, शेवगा, लिंबू यांच्या बुडाशी सोडा. खर्च दोन-चार पाइपांचा आहे. इस्राफवर जुम्म्याचे बयान जरूर व्हावे, पण नमाजी बाहेर पडतील तेव्हा त्यांना ते पाणी पिऊन वाढलेले झाडही दिसावे.