शाळा निवडताना

छळ सोसणारं ट्रान्सजेंडर मूल बरेचदा घरी काही सांगत नाही. स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून ते शाळेत पाणीच पीत नाही. मग पोट दुखतं, दांड्या वाढतात. अशा मुलांसाठी शाळा कशी शोधावी, हा या अंकाचा विषय.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्याचं तेरावं कलम सरकारमान्य शाळांना भेदभावाविना शिक्षण देण्यास बांधील ठरवतं. या मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, यावर एनसीईआरटीने २०२१मध्ये शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून हटवली गेली. म्हणजे कायदा असला तरी शाळा तो कसा पाळते, हे स्वतःच तपासायला हवं. तेव्हा पालकांनो, निकालाच्या टक्केवारीआधी विचारा: हजेरीला कोणतं नाव पुकाराल? गणवेश कोणता चालेल? स्वच्छतागृह कोणतं? चिडवणाऱ्यांना कोण आवरेल? जिथे मुख्याध्यापक सरळ उत्तरं देतील, तिथेच प्रवेश घ्या. आणि मुख्याध्यापकांनो, पालक दारात येण्याआधी ही उत्तरं शिक्षकांसोबत बसून ठरवा. जीव मुठीत धरून कोणतंही मूल शिकू शकत नाही.