वजन उतरले, पण अंग सैल का?

भाकरी निम्मी केली, वजन उतरले. पण दंड लोंबू लागले आणि भरली कळशी उचलवेना, अशी तक्रार पुष्कळजणी करतात. नुसते पोट मारले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकतात जोर लावल्याने. खुरपणीत कंबर शिणते खरी, पण दंडांना भार मिळत नाही.

त्यासाठी पोटाला बांधायचा पट्टा विकत घेऊ नका. त्याने घाम येतो, चरबी जात नाही. एक लिटरच्या दोन बाटल्या पाण्याने भरा, झाली एकेक किलोची वजने. ती खांद्यापासून डोक्यावर दहा-बारा वेळा न्या. दम कोंडू नका. बाजेच्या कडेवरून हात न टेकता उठा, सावकाश बसा. भिंतीला तळवे टेकून जोर काढा. हे एक दिवसाआड करा. सोपे वाटू लागले की बाटलीत वाळू भरा. तीच बाटली दीड किलोच्या आसपास भरेल.

ताटात वरण, मटकी, ताक राहू द्या. चालत असेल तर अंडेही. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. बाळंतपणात ताणलेली पोटाची कातडी मात्र थोडी सैल राहतेच. रक्तदाब किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.