निसर्गाच्या नावाखाली

ऑगस्ट महिन्यात न्यू जर्सीतील एका स्नेह्यांकडे त्यांनी स्वतः घरी केलेली बिअर आमच्यापुढे आली. (अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करण्यास मुभा मिळाली, महाराष्ट्रात परवान्याशिवाय तसे करता येत नाही.) पेला नाकाशी नेताच आधी पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा आणि मागोमाग नेलपॉलिशचा वास आला, घोट घेतला तर घसा जळजळला. यजमान चोखंदळ वाचक. आम्ही भीतभीत विचारले, पिंप ठेवले कुठे होते? "गॅरेजमध्ये. आपण फक्त जमवाजमव करायची, बाकीचे निसर्ग करतो. थर्मामीटर लावून कुठे कला होते का?" जमलेल्यांनी माना डोलावल्या. बिअरबद्दल आमची फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती या वाक्याबद्दल.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात भिजवून गोड अर्क काढतात, हॉप्स घालून तो उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यापुढचे काम यीस्टचे, इतपत यजमानांचे म्हणणे खरे आहे. पण यीस्ट साखर पचवते तेव्हा मद्यार्क आणि कर्बवायूबरोबर उष्णताही निर्माण होते. २० लिटरच्या पिंपात किण्वन ऐन जोरात असताना आतले द्रव्य खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी सहज अधिक तापते. २४ अंश सेल्सिअसच्या खोलीत यीस्ट २८ अंशांवर राबत असते. एल जातीच्या बहुतेक यीस्टना १८ ते २० अंश मानवतात, लागरला १० ते १२. पहिल्या दोन-तीन दिवसांत, यीस्टची वाढ चालू असताना, तापमान याच्या फार वर गेले की एस्टर आणि जड मद्यार्क भरमसाट तयार होतात. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, नेलपॉलिशचा इथाइल अ‍ॅसिटेटचा, घशातली जळजळ जड मद्यार्कांची. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा गंध हवासा असतो हे खरे. पण तिथे तो योग्य यीस्ट निवडून, मोजूनमापून आणलेला असतो.

आता परंपरेची साक्ष काढू, कारण निसर्गवाद्यांचा सारा भरवसा तिच्यावरच असतो. १५५३ साली बव्हेरियात आल्ब्रेख्ट पाचवा या ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई केली, कारण उन्हाळ्यातली बिअर बिघडे. बेल्जियमची लँबिक बिअर हवेतल्या यीस्टवर आंबते, म्हणून ती निसर्गवाद्यांची लाडकी. पण तीही साधारण ऑक्टोबर ते एप्रिल याच काळात करतात, कारण उथळ भांड्यातला अर्क रातोरात निवण्यासाठी थंड रात्र लागते. १८७० च्या दशकात म्यूनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र बसले, तेव्हा परंपरा मोडली नाही. तळघर आणि साठवलेला बर्फ यांचे काम यंत्राने उचलले, इतकेच. जुन्या लोकांपाशी नियंत्रक नव्हता, पण पंचांग होते आणि ते पाळले जाई. ऑगस्टमध्ये गॅरेजात पिंप ठेवून परंपरेचा हवाला देणाऱ्याने यंत्रही नाकारले आहे आणि पंचांगही.

कोणी नॉर्वेतील क्वाइक यीस्टचा दाखला देईल: ते ३० ते ४० अंशांवरही उत्तम काम करते. करते खरे. पण म्हणूनच तेथील शेतकरी ते कोमट अर्कातच घालत आले. उष्ण तापमान निवडणे आणि तापमानाकडे दुर्लक्ष करणे यांत फरक आहे.

आणि ज्याच्या नावाने नाके मुरडायची ते यंत्र तरी केवढे? एक जुना फ्रीज, त्याला वीज देणारा व तोडणारा बाहेरचा नियंत्रक, एक संवेदक, पिंपाला गुंडाळण्याचा हीटरचा पट्टा. संवेदक फ्रीजच्या हवेत लोंबकळत ठेवू नये. पिंपाच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा बांधावा, म्हणजे तो आतल्या द्रव्याच्या जवळचे तापमान सांगतो. अर्ध्या ते एका अंशाची सूट ठेवावी आणि कॉम्प्रेसर थांबल्यावर काही मिनिटे पुन्हा सुरू होणार नाही अशी योजना करावी, नाहीतर तो जळायचा. एलचे यीस्ट १८ अंशांवर सोडावे, तीन-चार दिवस तेथेच राखावे आणि जोर ओसरू लागला की २० किंवा २१ पर्यंत चढू द्यावे. त्या उबेत लोण्यासारखा वास देणारे डायअसेटिल यीस्ट स्वतःच परत शोषून घेते. फ्रीज नसेल तर पिंप पाण्याच्या टबात ठेवावे, ओले सुती कापड गुंडाळून पंखा लावावा. आपला माठ ज्या बाष्पीभवनाने गार होतो त्यानेच पिंपही काही अंश उतरते. हवा दमट असेल तर टबात बर्फाच्या बाटल्या सोडाव्यात. आपण जे करतो त्यावर लक्ष ठेवण्याची सोय, याहून यात अधिक काही नाही.

माना डोलावणारी मंडळी बहुतेक साहित्याची होती, हे आम्हांला अधिक लागले. 'अनुभव मुरू द्यावा' असे आपण वर्गात सांगतो आणि मुरणे म्हणजे सोडून देणे, असे विद्यार्थ्यांना वाटू देतो. मग कच्चे लेखन उत्स्फूर्त ठरते आणि पुनर्लेखन कृत्रिम. लोणचे घालणाऱ्या आजीला विचारावे. ती बरणी उन्हात कोरडी करते, मिठाचे प्रमाण सांभाळते, तोंडाला दादरा बांधते, अधूनमधून झाकण काढून बघते. निसर्गाशी तिचे वैर नाही. त्याच्यावर सारे ढकलून ती मोकळीही होत नाही.

असो. निघताना यजमानांच्या गॅरेजात आम्ही डोकावलो. पिंपाशेजारीच एक जुना फ्रीज चालू होता. त्यात सोड्याच्या बाटल्या गार होत होत्या.