भूक वाढविण्याचे औषध आणि भाकरीचा प्रश्न

‘लेकरू खात नाही, भुकेचं काहीतरी द्या.’ बीड जिल्ह्यातील कोणत्याही बाजारगावात औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले तर ही मागणी कानावर पडते. मागणारी आई बहुधा आपल्याच वस्तीतली असते. तिला गोड चवीची एक बाटली मिळते. बाटलीवर काय लिहिले आहे ते इंग्रजीत असते, आणि ते वाचून दाखविण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. या बाटलीत काय आहे, त्याने काय साधते आणि काय बिघडते, याचा हिशेब आपल्या समाजाने आता मांडला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

भूक वाढविणाऱ्या अशा अनेक औषधांत सायप्रोहेप्टाडीन नावाचे द्रव्य असते. मुळात हे ॲलर्जीवरचे, अंगावर पित्त उठणे आणि खाज यांवरचे औषध. परंतु त्याचा आणखी एक गुण आहे. आपल्या शरीरात सेरोटोनिन नावाचे एक रसायन तयार होते. त्याचा फार मोठा साठा आतड्यात असतो, थोडा मेंदूत. मेंदूतले हे रसायन झोप, मनाची अवस्था आणि भूक यांच्याशी निगडित आहे. ‘पोट भरले, आता पुरे’ हा संदेश देण्यात त्याचा वाटा असतो. सायप्रोहेप्टाडीन सेरोटोनिनचा साठा संपवीत नाही. ते त्याच्या कामाची वाट अडविते. ‘पुरे’ हा संदेश कमजोर पडला की माणसाला भूक अधिक लागते. औषधाची सारी करामत एवढीच आहे.

सेरोटोनिनशी खेळ करणे सोपे नाही, हे जगाने एकदा अनुभवले आहे. श्रीमंत देशांत वजन घटविण्यासाठी फेनफ्लुरामिन नावाचे औषध दिले जात होते. ते नेमके उलटे काम करी. सेरोटोनिनचा प्रभाव वाढवून भूक मारी. लाखो लोकांनी ते घेतले. पुढे हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याचे ध्यानात आले आणि १९९७ साली अमेरिकेच्या बाजारातून ते मागे घ्यावे लागले. सायप्रोहेप्टाडीनने हृदय बिघडते असे आम्ही येथे म्हणत नाही. ती दोन वेगळी औषधे आहेत. सांगावयाचे एवढेच की भुकेच्या गोळीला आणि सिरपला ‘टॉनिक’ समजून चालणार नाही. ते औषध आहे आणि औषधासारखेच तोलून घेतले पाहिजे.

तोलायचे तर प्रथम फायद्याचे पारडे पाहू. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात किंवा त्याच्या उपचारांत ज्यांची भूक मरते, अशा काही मुलांना या औषधाने मदत होते. लहान मुलांच्या अर्धशिशीत आणि वारंवार उलट्यांच्या एका आजारात डॉक्टर ते वापरतात. काही औषधांच्या संयोगाने शरीरात सेरोटोनिनचा प्रभाव धोकादायक वाढतो, तेव्हा रुग्णालयात उतारा म्हणूनही ते दिले जाते. म्हणजे औषध खोटे नाही. त्यावर बंदी घाला, अशी मागणी आम्ही करणार नाही. विज्ञानाने दिलेल्या वस्तूला शिव्या देणे हा आपला मार्ग नव्हे.

आता दुसरे पारडे. या औषधाने झोप येते, सुस्ती येते. तोंडाला कोरड पडते, लघवी अडू शकते, बद्धकोष्ठ होते, घाम कमी होतो. जास्त प्रमाणात पोटात गेले तर लहान मूल भ्रमात जाते, झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालील मुलांत त्याची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. नवजात बालकाला ते देऊच नये, अंगावर पाजणाऱ्या मातेने घेऊ नये. शिवाय वाढलेले वजन औषध थांबल्यावर पुष्कळदा उतरते. आणखी एक गोष्ट. नैराश्यावरची बरीच औषधे सेरोटोनिनचा प्रभाव वाढवून काम करतात. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात बीडसह मराठवाड्यातील जिल्हे घेण्यात आले. अशा उपचारांत असलेल्या माणसाने ‘अंग भरावे’ म्हणून ही गोळी परस्पर घेतली, तर एका औषधाचे काम दुसरे औषध मोडून काढू शकते.

हे सारे धोके कागदावर वाचताना किरकोळ वाटतील. पण ते कोणाच्या वाट्याला येतात, हे पाहा. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांचे लोंढे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, मुकादमाचा तगादा, एक दिवस चुकला तर खाडा. पहाटे अंधारात फडात उतरायचे. मूल फडाच्या कडेला, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या वाटेवर. तेथे पेंगुळलेले मूल म्हणजे शांत झालेले मूल नव्हे. ते धोक्यात असलेले मूल आहे. आणि ज्या तरुण मुलीला लग्नाआधी ‘तब्येत सुधारावी’ म्हणून ही गोळी दिली जाते, तिच्याही हातात कोयता असतो. सुस्तावलेला हात आणि धार लावलेला कोयता यांचा संबंध औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

मुख्य प्रश्न मात्र याहून खोल आहे. मूल खात का नाही? भूक जाणे हे पुष्कळदा रोगाचे लक्षण असते. क्षयरोगात भूक जाते, वजन घटते. जंत, रक्तक्षय, वारंवारचा ताप यांतही हेच होते. अशा वेळी भूक वाढविणारे सिरप पाजले तर रोग झाकला जातो, महिने वाया जातात. आणि अतितीव्र कुपोषणात तर भूक मरणे ही धोक्याची घंटाच आहे. अशा बालकाची ‘भूक चाचणी’ घेतात. ते विशिष्ट प्रमाणात खाऊ शकले नाही तर त्याला दवाखान्यात दाखल करावयाचे असते. ज्या लक्षणावर शासनाचे नियम मुलाला खाटेवर घ्या म्हणतात, त्याच लक्षणावर आपली गरीब आई दुकानातून बाटली घेऊन घरी परतते. हा दोष तिचा आहे काय?

आणि जे मूल निरोगी आहे, त्याची भूक वाढवून आपण त्याच्यापुढे काय वाढणार आहोत? कोपीवर पहाटे थापलेली भाकरी दुपारपर्यंत वाळते. चटणी असते, कधी पातळ कालवण असते. दूध, डाळ, अंडे रोज नसते. रोज तेच कोरडे खाऊन मूल तोंड फिरविते, आणि आपण म्हणतो त्याला भूक नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी ३५ मुले खुरटलेली आणि ३६ मुले कमी वजनाची आढळली. एवढ्या मुलांच्या मेंदूतले सेरोटोनिन बिघडले आहे, असे कोणी म्हणेल काय? गंमत अशी की शरीर सेरोटोनिन बनविते तेही अन्नातूनच. डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी यांत असणाऱ्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून. अन्न द्यायचे नाही आणि अन्नापासून तयार होणाऱ्या रसायनाला अडवून भूक वाढवायची, हा कसला न्याय?

बीड जिल्ह्याने असा प्रकार आधीही पाहिला आहे. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. उपाय काय, तर शस्त्रक्रिया. कामाची पद्धत बदलायची नाही, कामगाराचे शरीरच कामाला सोयीचे करून घ्यायचे. भुकेची बाटली त्याच वाटेवरची आहे. ती लहान आहे, स्वस्त आहे, म्हणून तिच्यावर चर्चा होत नाही एवढेच.

जबाबदारी कोणाची, हे संविधानात लिहिलेले आहे. जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे कलम ४७ सांगते. त्याही आधी, १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कष्टकरी मातेच्या विश्रांतीचा भार सरकारने आणि मालकाने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. आज साखर कारखाना ऊस घेतो, साखर विकतो. पण तोडणाऱ्या बाईला आपली कामगार मानत नाही आणि तिच्या लेकराला तर मोजतच नाही. शासनाची तऱ्हा वेगळी नाही. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे आले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून ते लोकसहभागावर सोडण्यात आले. एका अंड्याला पैसे नाहीत आणि भुकेच्या बाटलीला मात्र मजुराच्या खिशातून पैसे निघतात!

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. वस्तीत मूल खात नाही असे कळले तर पहिल्यांदा त्याचे वजन करून घ्या, दंडाचा घेर मोजायला अंगणवाडीत न्या. दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला, ताप किंवा वजन घटणे असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. डॉक्टरांनी तपासून भूक वाढविणारे औषध लिहून दिले तर ते जरूर घ्या, पण किती दिवस आणि किती मात्रेत हे विचारूनच घ्या. दुकानातून परस्पर घेऊ नका. कोणाची मानसिक आजारावरची औषधे चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

आणि मागणी करा ती बाटलीची नव्हे. कारखान्याच्या अड्ड्यावर अंगणवाडी हवी. गावात नाव असलेल्या मुलाचा आहार त्याच्यामागे फडापर्यंत गेला पाहिजे. तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर हवे आणि त्याचा खर्च कारखान्याने सोसावा. शाळेतले अंडे शासनाच्या पैशाने परत मिळावे. आपल्या मुलांना भूक आहे. ती वाढविण्याची गरज नाही. ती भागविण्याची गरज आहे. पुढच्या हंगामाची उचल वाटली जाईल, तेव्हा मुकादमाला आणि कारखान्याला हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी गाडीत पाय ठेवू नये.